देवीची धाकटी बहीण

प्रिय सखू,

हे पत्र लिहायला मला आईने सांगितलं. काय लिही म्हणाली ते शेवटी सांगते, आत्ताच सांगायला हात धजत नाही. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. मला तरी कुठे येत होतं! लग्न होऊन जिंतूरला आल्यावर यांनी शिकवलं. दिवसभर शाळेत पोरांना उर्दू, आणि घरी बायकोला मराठी बाराखडी!

आज सकाळी गल्लीत देवी टोचणारे चाचा आले होते. माझ्या तान्ह्या पोरीच्या दंडावर त्यांनी लस लावून ओरखडे काढले. ती किंचाळली आणि मला तूच ऐकू आलीस. आपल्या झरी गावची चावडी, रांगेतली पोरं आणि तुझा भोंगा. इतकी वर्षं झाली गं, तरी त्या भोंग्यात तू पाचच वर्षांची कशी राहिलीस?

आठवतं का, चावडीमागे बाया ओले पदर घेऊन उभ्या होत्या? माणसाने आपल्या हाताने देवी अंगात घातली तर देवी कोपेल, म्हणून टोचून आलेल्या पोराचा दंड लगेच पुसायचा, अशी गावाची रीतच होती. आईने आधी तुला उचललं. तू धाकटी, लाडकी! घासूनघासून पुसलं तुझं. मला म्हणाली, "तू म्हशीला पाणी दाव, मंग पुसते." मी परत आले तोवर माझं वाळून गेलं होतं, आणि आई विसरली होती. तेव्हा मला किती राग आला होता म्हणून सांगू!

माझा दंड सुजला, ताप आला, खपली धरली. तुझ्या दंडावर काहीच नाही. आई खूश होती.

मग दोन-तीन वर्षांनी गावात देवीची साथ आली आणि तुला गाठलं. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद. देवी अंगात आहे म्हणून आई तुझ्याच पाया पडायची, तुला "बाई, बाई" म्हणायची. तू घाबरून रडायचीस. "आई, मी सखू हाय गं!" तो आवाज अजून भरदुपारी ऐकू येतो मला. भाकरी तव्यावर असते आणि मी वळून बघते.

मी तुझ्याच गोधडीत निजत होते, सखू. मला साधा पुरळही उठला नाही. तू गेल्यावर आई माझ्याकडे बघत बसायची. "तुला कसं सोडलं गं बाईनं?" एवढंच विचारायची. तुझ्या वाट्याचं आयुष्य मीच खाल्लं, असं वाटायचं मला. खरंच वाटायचं.

आज मी चाचांना विचारलं, या ओरखड्यांनी होतं तरी काय? हत्यार पुसत ते म्हणाले, "बेटी, ही खरी देवी न्हाई. वासराच्या अंगावरची, तिची धाकटी बहीण समज. कमजोर हाय, जीव घेत न्हाई. पन अंग हिच्याशी झगडतं आन् शिकून घेतं. पैचान ठेवतं. मंग थोरली आली की अंग तिला उंबऱ्यावरच वळखतं, आत पाऊल ठेवू देत न्हाई."

"आन् लावल्या लावल्या पुसलं तर?"

"मंग अंग कोनाशी झगडणार? काय शिकणार?"

मी हे विचारायला नको होतं गं! बाळंतपणाला माझ्याकडे आलेली आई दाराआड बसून सगळं ऐकायली होती.

चाचा गेले. आई उठली आणि पाळण्याकडे आली. मी घाबरून पोरीला उचललं. आई म्हणाली, "पुसायला न्हाई आले." तिने पदर कमरेला घट्ट खोचला होता. माझी बाही वर सारून ती माझ्या दंडावरचे जुने डाग चाचपत राहिली. "हे मी इसरले व्हते," म्हणाली. "तिचं इसरले अस्ते तर?"

मग म्हणाली, "तुला लिहिता येतं. सखूला लिही, मला ठाऊक नव्हतं म्हनावं."

लिहिलं, सखू. आता तूच सांग, आईने प्रेम केलं ते चुकलं का? माझ्यावर तेवढं केलं असतं तर आज हे पत्र लिहायला मी तरी उरले असते का?

पोरीची खपली आपोआप गळेपर्यंत तिचा दंड मी उघडा ठेवीन, कुणाला पुसू देणार नाही. आणि आईला एकटं सोडणार नाही, हाही शब्द देते. तू फक्त एक कर. तिच्या स्वप्नात आलीस, तर तो पुसलेला दंड पुढे करू नकोस.

तुझी,
पुसायची राहून गेलेली
अक्का