हात राहिलेलं चित्र

प्रिय भाग्या,

पार्सल काल पोचलं. रंगांवरचं पुस्तक एक, जांभळ्या रंगाची अर्धी नळी एक, टपालखर्च ब्याण्णव रुपये. तो आकडा पाहून जीव हळहळला, पण चिठ्ठी नाही हे पाहून जास्त. दिवाळीपासून तुझा फोनही नाही, आणि का ते मला कळतं.

देवापुढे दिवा लावला आणि जांभळ्याचं प्रकरण वाचायला बसले. तिकडे परदेशात म्हणे समुद्रातल्या हजारो गोगलगायी माराव्या तेव्हा चिमूटभर रंग निघायचा, म्हणून चित्रात तो राजाच्या अंगावर. चर्चमध्ये मात्र पश्चात्तापाच्या दिवसांत तोच. पुढे एक पोरगा औषध करायला गेला आणि कोळशाच्या डांबरातून चुकून जांभळा निघाला, आपल्या रसायनीच्या कारखान्यांत उकळतात तसलंच काहीतरी. तेव्हा कुठे तो गरिबाला मिळाला. मग चित्रकारांनी सावल्याही जांभळ्या रंगवल्या, तर लोक हसले. दिवाळीत तू माझं चित्र काढत होतीस, तेव्हा मीही हसलेच होते ना? गालाला काय फासलंस, मार खाल्ल्यासारखी दिसते, म्हणाले. काल संध्याकाळी तुळशीला पाणी घालताना माथेरानच्या डोंगरावरची सावली पाहिली. जांभळीच गं.

तुझे बाबा गेल्यापासून मी फिकटच नेसते. तू ती जांभळी साडी आणलीस, हट्टानं मला ओटीवर बसवलंस. हात तेवढे काढायचे राहिले आणि फाटकात शेजारची ठकी दिसली. मी आत पळाले, साडी बदलून आले. ती चित्रापुढे उभी. "ही जांभळी मैना कोण गं जने? तोंड तर तुझंच हाय!" मी म्हणाले, असेल कोणी शहरातली, पोरीच्या ओळखीची. तू ऐकलंस. कुंचले धुतलेस आणि संध्याकाळची गाडी धरलीस.

पुढचं तुला ठाऊक नाही. जाड कापड वाया का घालवा, म्हणून मी ते चित्र तांदळाच्या पिंपावर उपडं झाकलं. माझंच तोंड, माझ्याच हातानं. काल पुस्तक मिटलं आणि ते उचललं, तर तेव्हाच्या ओल्या रंगात दाणे रुतून बसलेत, गालावर अक्षता पडल्यासारखे. नखानं काढायला गेले आणि थांबले. तुझं काम आणखी किती बिघडवू?

आता ते ओटीवर टांगलंय. सकाळी ठकी आली, तिला म्हटलं, ती मीच. "मला तवाच म्हाईत व्हतं," म्हणाली, आणि विरजण मागून गेली. एवढ्यासाठी मी तुला परकं केलं गं.

हात अजून राहिलेत. साडी घडी करून काढून ठेवलीय. या वेळी फाटकात अख्खं पोशीर गाव उभं राहिलं तरी उठणार नाही. कधी येतेस, ते उलट टपाली कळव.

तुझीच,
आई