पडद्यावरची माय

अमेरिका, १२ नोव्हेंबर १९६२

माय,

सातासमुद्रापलीकडून तुले लेकीचा सलाम. भाऊ, हे मायले मोठ्यानं वाचून दाखव.

मी खुशाल हाओ. थंडी लय हाय, पण कोट भेटला. अंजनगावच्या बाजारातून गाय आणली काय? तुये गुडघे कसे हायेत?

मिशनच्या साहेबानं मले नर्सिंग शिकवतो म्हणून आणलं, पण महिन्यापासून या चर्चमंदून त्या चर्चमंदी फिरवूनच राहिले. तिथं अंधार करून पडद्यावर आपल्याकडचे फोटो दाखवतेत. काल पडद्यावर तू आली, भिंतीएवढी. फाटकं लुगडं, उघडा गळा. साहेब म्हणाले, "ही बाई तीन दिवसांची उपाशी."

माया तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो काढला त्या दिवशी तूच त्यायले पुरणाची पोळी वाढली होती! नवं लुगडं त्यायनंच बदलाले लावलं, गळ्यातली चांदीची सरी काढाले लावली. तुले वाटलं, फोटो चांगला येत असन.

लोकं रडले. ट्रॅक्टरच्या कारखान्याचा मालक म्हणाला, "येशूचं नाव जिथं जाईन, तिथं माये ट्रॅक्टर जातीन." त्यानं अन् साहेबानं तुया फोटोखाली हात मिळवले.

उद्या मोठ्या चर्चमंदी मले बोलाचं हाय. घरून निघताना तू मले देल्ली ती सरी घालून मी त्याच फोटोपाशी उभी राहीन, अन् सारं इंग्रजीत सांगीन. परतीचं तिकीट साहेबाच्या खिशात हाय, पण तू घोर करू नको.

साहेबानं आताच विचारलं, "मार्था, उद्या काय बोलशीन?"

मी म्हटलं, "साहेब, तुमीच शिकवलं, खोटी साक्ष देऊ नको. तसंच बोलीन."

साहेब म्हणाले, "शाबास!"

तुयी,
मार्था