बोटीच्या बुडाला लावलेल्या एरंडेलाबाबत

मी, गंगाधर आप्पासो अंबी, वय वर्षे ७६, धंदा पूर्वी होड्या बांधणे व हल्ली दुसऱ्यांनी बांधलेल्या होड्यांना नावे ठेवणे, राहणार सांगलीवाडी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या मंगळवारी मिरजेत माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी विनोदिनी हिला तो मान्य नाही, तरी ग्राह्य धरावा. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. विनोदिनीचा आहे, पण तो पन्नास वर्षांचा असल्याने अंगवळणी पडला आहे.

कलम १. राहते घर विनोदिनीच्या हयातीत तिचे व तिच्यानंतर मुलगा धैर्यशील याचे. २०१९ च्या महापुराची रेघ जिन्याच्या सातव्या पायरीशी आहे. धैर्यशीलला रंगरंगोटीची फार हौस. ती रेघ सोडून त्याने हवा तो रंग द्यावा. बँकेत जे निघेल ते विनोदिनीचे. किती निघेल हे तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे.

कलम २. रंधे, पटाश्या, करवती व गिरमिट माझे मित्र रहिमान मिस्त्री यांना द्यावीत. निम्मी हत्यारे त्यांच्याकडेच आहेत, ती परत मागू नयेत. होडीला मागे लावायचे जुने इंजिनही त्यांचेच. महापुरात त्याच इंजिनावर आम्ही दोघांनी तीन दिवस माणसे बाहेर काढली. ते बंद पडले की रहिमान त्याला शिव्या घालायचे आणि मी कृष्णामाईला हात जोडायचो. नेमके कशाने चालू व्हायचे, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

कलम ३. मेहुणे नानासो यांना एक वल्हे. १९८४ सालच्या होड्यांच्या शर्यतीत आयर्विन पुलाखाली त्यांनी हेच वल्हे सोडून काठावरच्या मंडळींना हात केला आणि आमची होडी हातभर अंतराने हरली. मनात राग उरलेला नाही. थोडा आहे, पण तो मी सोबत नेणार आहे.

कलम ४. माझी शर्यतीची होडी नात अश्लेषा, म्हणजे धैर्यशीलची मुलगी, हिला. हे कलम लांबणार आहे, कारण मी तिचा अपराधी आहे.

अश्लेषा विश्रामबागच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली आणि पॉवरबोटींच्या एका आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेत एका संघाकडे नोकरीला लागली. मालिकेचा तो पहिलाच हंगाम. बोटी विजेवरच्या, माणसे सात देशांची. शर्यतीआधी बोट तपासून कागदावर सही करायची, हे तिचे काम. फेब्रुवारीत गोव्याच्या फेरीला तिने मला पाहुणा म्हणून नेले आणि गळ्यात पास घातला.

आमच्या घराण्यात मेण खलवलेले एरंडेल बुडाला चोळल्याशिवाय शर्यतीची होडी पाण्यात घालत नाहीत. वडिलांनी चोळले, मी चोळले. गोव्यालाही मी पिशवीतून डबा नेला होता. अश्लेषाची सही झाली, सगळे जेवायला गेले. ते उकडलेले जेवण मला जाणार नव्हते. मी गाड्यावर ठेवलेल्या बोटीखाली शिरलो आणि एरंडेलाचे चांगले दोन हात दिले.

बोट दुसरी आली. मी शिट्ट्या मारल्या. मग तपासनिसांनी बुडावरून पांढरे फडके फिरवले, ते पिवळे झाले. बुडाला काहीही लावायचे नाही, असा त्यांचा नियम. निकाल रद्द झाला. सही अश्लेषाची होती. "चूक माझी," एवढेच त्यांना सांगून ती घरी आली.

इंग्रजीत काय चालले होते ते मला तासाभराने समजले. तेव्हा तोंड उघडायला हवे होते, ते मी उघडले नाही. महापुराला न भ्यालेला माणूस फडक्याला भ्याला, याची मला लाज वाटते. पुढे कळले की ती बोट वेगात आली की खालच्या पात्यांवर उचलली जाते आणि तिचे बूड पाण्याला लागतच नाही. म्हणजे एरंडेलही फुकट गेले आणि पोरीची नोकरीही.

सध्या ती कवठे महांकाळला कॉलेजात शिकवते. दुसऱ्या हंगामासाठी संघाने तिला पुन्हा विचारले आहे. अट एकच, गोव्यात काय झाले ते लेखी कळवावे. मुदत महिनाअखेर. त्यासाठी आलेला फॉर्म दोन आठवडे टीव्हीखाली कोरा पडला आहे. हे सगळे मी मृत्युपत्रात कबूल करणार, असे विनोदिनीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आवं, तुमी मेल्यावर खरं बोलून पोरीच्या काय कामाचं?"

कलम ५. सबब, हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट न पाहता आज दुपारी चार वाजता, सह्यांपूर्वी, अश्लेषाने सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. बुडाला एरंडेल मी लावले. तिला विचारले नाही, सांगितले नाही. एवढे इंग्रजीत करून तिने संघाला पाठवावे.

पुरवणी, आजच, सायंकाळी पाच वाजता. वाचन झाले. कलम ३ वर नानासोंनी हरकत घेतली, ती फेटाळली. कलम ४ च्या मध्यावर अश्लेषा थांबली. मी फरशीकडे बघत होतो.

ती म्हणाली, "आजोबा, फडक्याला वास आला तवाच मी वळखलं. तिथं दुसरं कोण एरंडेल आणणार हाय?"

मग माझे नाव का घेतले नाहीस, असे मी विचारले.

"पाहुण्यानं बोटीला हात लावला की त्याला कायमचं भाईर काढत्यात. तुमी पयल्यांदाच माझी शर्यत बघाय आला हुता. तुमचं नाव मी कशी लिहू? तुमी सांगायची वाट बघत हुते."

मला रडू आले, ते मी लपवले नाही. फॉर्म तिने माझ्यासमोर भरला आणि कारणाच्या रकान्यात माझे पूर्ण नाव लिहिले. बोटींजवळ मला यापुढे बंदी होईल. काठावर तिकीट काढून बसायला हरकत नाही, हे तिने नियमावलीत दोनदा पाहून सांगितले. नव्या हंगामाची पहिली फेरी तीन महिन्यांवर आहे. तरी मंगळवारी डॉक्टरांना कळवावे की, हे मृत्युपत्र इतक्यात वापरात आणण्याची मला सवड नाही.

ठिकाण : सांगलीवाडी
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : गंगाधर आप्पासो अंबी (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली :
१. रहिमान मिस्त्री (सही)
२. नानासो (सही)