अकरा टिंबं

कोथरूड, पुणे
रविवार

प्रिय पूर्वा,

अक्षर पाहून तू पाकीट न उघडताच टाकून देशील, म्हणून पत्ता शेजारच्या बाईंकडून लिहून घेतला आहे. इतकी लबाडी माफ कर. फोन करून पाहिला होता, पण माझ्या नंबरवरून तुला फोन लागत नाही. नागपूरचा पत्ता काकूंनी दिला. गेल्या गुरुवारी मी येरवड्याला तुमच्या घरी गेले होते. काकूंनी दार उघडलं, चहा केला, कागदाच्या चिटोऱ्यावर पत्ता लिहून दिला आणि एकही प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर सोपं गेलं असतं. भिंतीवर तुझ्या बाबांचा, सुखदेवकाकांचा, फोटो होता. काका गेल्याचं मला गेल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी आले नाही. ऑफिसात काम फार होतं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

माझं बरं चाललं आहे, असं म्हणायला हरकत नाही. रविवारचा क्लास अजून घेते. बारा जण लॅपटॉप घेऊन येतात आणि आकाशाच्या फोटोंवर सॉफ्टवेअरमध्ये काय काम करायचं ते शिकतात. पहिल्या दिवशी मी त्यांना तेच सांगते जे एकदा तुला सांगितलं होतं: एका फोटोत जवळजवळ काहीच दिसत नाही. एकाच जागेचे शेकडो फोटो काढायचे आणि एकावर एक रचायचे. जे खरोखर आकाशात आहे ते प्रत्येक फोटोत असतं, म्हणून ते हळूहळू वर येतं. जे चुकून आलेलं असतं ते विरून जातं. गेल्या रविवारी एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, पण खरं कुठलं आणि चुकून आलेलं कुठलं, हे ठरवतं कोण?’ मी म्हटलं, अनुभव. आणि घाईघाईने पुढच्या मुद्द्यावर गेले.

तो हिवाळा तुलाही आठवत असेल. पानशेतच्या पुढे तुझ्या ऑफिसातल्या कोणाचं तरी शेत होतं, तिथे तू दुर्बीण लावायचीस. काका ओम्नी चालवत तुला घेऊन जायचे आणि कानटोपी घालून गाडीतच झोपायचे. शनिवारी रात्रभर तू प्रकाश गोळा करायचीस, रविवारी दुपारी फोटो रचण्यासाठी हार्ड डिस्क माझ्याकडे यायची. तुझ्या वह्या अजून डोळ्यांसमोर आहेत. किती वाजता कुठला फिल्टर बदलला, दव कधी पडलं, वारा कधी सुटला, सगळं तारखेनिशी. मी तुला कारकून म्हणून चिडवायचे. तू हसायचीस. आता वाटतं, दर वेळी हसू येत नसणार तुला.

सारथी तारकासमूहातल्या त्या तेजोमेघावर तू सतरा रात्री घालवल्यास. आणि एका दुपारी तुझा फोन आला की लगेच ये. तुमच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या बाजूला लॅपटॉप ठेवला होता. तू फक्त ऑक्सिजनचा प्रकाश येऊ देणाऱ्या फिल्टरमधले फोटो रचले होतेस, कच्चेच, माझ्यासारखी कुठली सफाई न करता. ‘ह्या कोपऱ्यात बघ. कमान आहे ना?’ मला दिसेना. मग काका आले. बत्तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासलेला माणूस. चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याला नाक लागेल इतके वाकले आणि बोट न टेकवता हवेतच ती कमान काढून दाखवली. इथून सुरू होते, इथे पातळ होते, इथे संपते. मग मलाही दिसली. राखेच्या रंगाची, फिकट, मेघापासून सुटलेली. कुठल्याही नकाशात ती नव्हती. तू तेव्हाच म्हणालीस की फिल्टरवरची धूळ असेल तर कॅमेऱ्याबरोबर फिरेल. पुढच्या शनिवारी कॅमेरा आडवा करून बघते.

तू बघितलंस. पाच तासांचे फोटो घेतलेस. मला हार्ड डिस्क दिलीस, वर चिठ्ठी चिकटवली होतीस: ‘कॅमेरा नव्वद अंशात फिरवला. ताऱ्यांमधली कमान जागची हलली नाही. तू तपास.’

आपल्या आकाशनिरीक्षण मंडळाच्या बैठकीत तू ते चित्र पडद्यावर लावलंस तेव्हा तीसेक माणसं होती. हिंमतराव अध्यक्षांच्या खुर्चीतून म्हणाले, ‘वल्लरी, यातलं तुला जास्त कळतं. काय आहे हे?’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हटलं, ‘धूळ. नवीन काही सापडल्याचं जाहीर करण्याआधी काच पुसून घ्यावी, असा साधारण रिवाज आहे.’ लोक हसले. ‘मी कॅमेरा फिरवला होता,’ तू म्हणालीस. ‘फिरवला असेल गं, पण नीट फिरवला का?’ पुन्हा हसले. तू लॅपटॉप बंद केलास, वायर गुंडाळलीस, आणि सगळ्यांचे चहाचे कप उचलायला मदत करून गेलीस. त्यानंतर तू मंडळात आली नाहीस. दुर्बीण विकल्याचं मला तिसऱ्याकडूनच कळलं.

तुला एक गोष्ट माहीत नाही. त्या तेजोमेघाचं आपलं चित्र स्पर्धेत पहिलं आलं, स्पर्धेचं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा तू आली नाहीस, पण काका आले होते. एकटे, बसने. चित्राखाली माझं नाव मोठं होतं आणि तुझं खाली बारीक अक्षरात, ‘छायाचित्रण साहाय्य’ म्हणून. बराच वेळ त्या एका कोपऱ्यापाशी उभे राहिले. मग मला शोधत आले आणि हळू आवाजात विचारलं, ‘पोरी, ती कमान कुठं गेली?’ मी म्हटलं, ‘काका, ती धूळ होती.’ ते म्हणाले, ‘असं होय.’ चष्मा काढला, रुमालाने पुसून खिशात ठेवला. ‘चित्र छान झालंय,’ म्हणाले आणि गेले. त्यांनी तुला हे सांगितलं नसणार. तुझ्या जखमेवर बोट ठेवणारा माणूस नव्हता तो.

आता बातमी सांगते. कदाचित तू वाचलीही असशील. दोन महिन्यांपूर्वी परदेशातल्या दोन हौशी निरीक्षकांनी त्याच तेजोमेघाजवळ एक फिकट कमान सापडल्याचं जाहीर केलं. ऑक्सिजनच्या प्रकाशात. त्यांचं चित्र मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पाहिलं आणि डबा तसाच झाकून ठेवला. काकांनी हवेत बोट फिरवलं होतं ना, तीच ती. इथे सुरू, इथे पातळ, इथे संपते. मी हे कोणाला सांगितलं नाही. दोन महिने गप्प होते. लोक विसरतील, तीन वर्षांपूर्वीचं चित्र कोण बघतंय, असं वाटलं.

बघणारे असतात. दहा दिवसांपूर्वी एका संशोधक बाईंचा मेल आला. त्या या कमानीचा अभ्यास करताहेत आणि जुनी चित्रं गोळा करताहेत. आपलं बक्षीसवालं चित्र त्यांना मिळालं होतं. इतक्या तासांचं चित्र, त्यांनी लिहिलं होतं, आणि तरी त्यात कमानीचा मागमूस नाही. याचा अर्थ ती तेव्हा इतकी उजळ नसावी, असं धरून चालावं का? तुमचं चित्र या बाबतीत महत्त्वाचा पुरावा ठरेल.

पुरावा! मी हिंमतरावांना फोन केला. ते म्हणाले, ‘आता कशाला उकरून काढतेस? सॉफ्टवेअरने गेली असेल म्हणावं. मंडळाचं नाव आहे.’ मलाही तेच हवं होतं. सॉफ्टवेअरने गेली असेल. तेच लिहायचं म्हणून मी जुनी फाइल उघडली.

तुला ठाऊक आहे, आकाशाचा मागचा उजेड काढून टाकताना आपण चित्रावर टिंबं ठेवतो. जिथे टिंब ठेवू तिथे काही नाही, ती रिकामी जागा आहे, असं सॉफ्टवेअर धरून चालतं आणि तिथला उजेड वजा करतं. साधारण चित्रभर विखरून ठेवायची असतात. त्या फाइलमध्ये माझी टिंबं जशीच्या तशी राहिली आहेत. बाकी सगळी विखुरलेली आहेत. त्या कोपऱ्यात मात्र अकरा टिंबं आहेत, एकापाठोपाठ एक, वळण घेत गेलेली. त्यांच्यावरून पेन्सिल फिरवली तर कमान निघते. पूर्वा, अशी टिंबं चुकून पडत नाहीत. ज्याला कमान दिसते त्यालाच ती ठेवता येतात.

मी तुझी चिठ्ठी वाचली होती. कॅमेरा फिरवल्यानंतरचे पाच तासांचे फोटो मी वेगळे रचून पाहिले होते, बैठकीच्या आदल्या दिवशी. कमान जागच्या जागी होती. मी दोनदा तपासलं. स्पर्धेची मुदत जवळ आली होती हे खरं, पण ते कारण नव्हतं. कारण असं की ती कमान राहिली असती तर ते चित्र तुझं झालं असतं. सगळ्यांना शिकवणारी मी, आणि जे मला दिसलं नाही ते वह्या भरणाऱ्या पूर्वाला आणि प्रूफं तपासणाऱ्या तिच्या वडिलांना दिसलं, हे मला सोसवलं नाही. कारकून हा शब्द मी थट्टेत वापरत नव्हते. मला तसंच वाटत होतं. हे वाक्य लिहायला मला आजची सबंध संध्याकाळ लागली.

पत्र लिहायचं कारण हे. काल मी त्या संशोधक बाईंना उत्तर पाठवलं. चित्र पुरावा म्हणून धरू नका, कमान तेव्हाही होती, मी ती हाताने पुसली, असं लिहिलं. तुझे सगळे मूळ फोटो आणि अकरा टिंबांची माझी फाइल सोबत जोडली. स्पर्धेवाल्यांनाही तेच कळवलं आहे, मंडळालाही. बाईंचं लगेच उत्तर आलं: कमान पहिल्यांदा कोणी पाहिली आणि कॅमेरा फिरवलेल्या रात्रीच्या नोंदी कोणाकडे आहेत? मी तुझं आणि सुखदेवकाकांचं नाव दिलं, आणि तुझा नागपूरचा पत्ता, तुला न विचारता. त्या तुझ्याशी संपर्क साधतील. त्यांच्याकडून कळण्याआधी हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. माझ्याशी नको बोलूस, मी अपेक्षाही करत नाही. त्यांच्याशी मात्र बोल. नोंदी तुझ्याच हातच्या आहेत. त्या रात्री आकाशात काय होतं ते आता तूच सांग.

‘तुझीच’ लिहायचं धाडस होत नाही,

वल्लरी