मारामारी शून्य

६ जून, सकाळी ६.४०. कासेल स्टेशन.
निघालो. तेरा दिवस, पाच देश, एक रेल्वे पास, एक मेहुणा. पाठीवर पंधरा किलो.

बायकोची, रोझविताची, अट साधी आहे. अठरा तारखेला दुपारी पावणेपाचला ती लुब्लियानाच्या प्लॅटफॉर्मवर उभी राहील. तोवर मी कुणावर हात उगारला नसेल तर माझ्याबरोबर घरी येईल. उगारला असेल तर तिथेच मैत्रिणीकडे राहील, कायमची. लग्न झालं तेव्हा आम्ही दोघं असेच रेल्वेनं स्वस्तात हिंडलो होतो, ब्रेड आणि चीज खात. म्हणून रेल्वेनंच ये, म्हणाली. त्या प्रवासातही तू तीन भांडणं केलीस, असंही म्हणाली. मला एकही आठवत नाही.

साक्षीदार म्हणून धाकटा भाऊ दिलाय बरोबर. टिलो. दोन मीटर उंच, रोपवाटिकेत कामाला, रोपांशी गप्पा मारतो. रोज संध्याकाळी बहिणीला मेसेज करणार.

ही वही रागाच्या क्लासमधल्या बाईंनी दिली. फक्त स्वतःसाठी लिहा आणि खरं लिहा, म्हणाल्या. तर खरं हे की माझा मूळ स्वभाव शांत आहे. चोवीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतोय. रागीट माणसाला जमलं असतं? नोव्हेंबरात रोझविताची बोटं दारात सापडली, त्याचा उगाच बाऊ झाला. दार म्हणजे दार.

संकल्प: राग आला की दहापर्यंत मोजायचं.

७ जून. स्ट्रासबुर्ग.
समोरचा दाढीवाला सीटवर बूट ठेवून बसला होता. सीटवर!  दहापर्यंत मोजलं. मग वरच्या फळीवरून माझी रकसॅक त्याच्या गुडघ्यावर पडली. तो किंचाळला. मी सॉरी म्हटलं, उचलून परत वर ठेवली. ती परत पडली.

टिलो विचारतो, अरे एकहार्ट, दुसऱ्यांदा कशी पडली? त्याला म्हटलं, पंधरा किलो आहे, पडणारच.
मारामारी: शून्य.

९ जून. लियाँ.
वेगवान गाडीला पास चालतो, पण रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे. लूट आहे. पाच पॅसेंजर गाड्या बदलत आलो. एका बदलीत टिलोचा पाय मुरगळला, माझा नाही.

हॉस्टेलच्या फ्रिजमध्ये चीज ठेवलं होतं. नियमाप्रमाणे चिठ्ठी लावून: नाव, खोली, तारीख. सकाळी येऊन बघतो तर एक डॅनिश सायकलवाला तेच कापून खातोय! चिठ्ठी बाजूला काढून ठेवली होती हरामखोरानं. तो शांतपणे म्हणतो, अहो, हा खालचा कप्पा फुकटचा आहे, जाणारे लोक उरलेलं इथे सोडून जातात. माझी चिठ्ठी बरोबर होती. मग कप्प्याचा काय संबंध?

दहापर्यंत मोजलं. जरा भरभर. तवा हातात होताच. पहिला फटका मध्ये पडलेल्या टिलोच्या खांद्यावर गेला, दुसरा डॅनिशाच्या बोटांवर. बोटांचा आवाज आला. बाहेर काढलं आम्हाला, नाश्त्याचे पैसे भरलेले असताना.

तवा म्हणजे हात नव्हे. अट हाताची आहे.
मारामारी: शून्य.

१२ जून. जेनोव्हा.
तीन दिवस टिलोचा खांदा निळा. आज बंदरावर बसून तो मेसेज लिहीत होता. मी सहज डोकावलो. रोझी, आत्तापर्यंत दोनदा, असं लिहिलं होतं. दोनदा! मी त्याला फक्त समजावत होतो. समजावताना त्याची मान माझ्या हातात होती आणि तोंड लोखंडी कठड्यावर. ओठ फुटला, कारण तो हलला. फोन समुद्रात गेला.

टिलो रडला. एवढा मोठा माणूस आणि रडतो. मी रडणाऱ्या माणसाला पुढे काही केलं नाही, याची नोंद मात्र कुणी घेत नाही. आता मेसेज मीच करणार. आज केला: सगळं शांत, टिलो मजेत. उत्तर आलं: टिलोला दे फोन. मी लिहिलं, झोपलाय. दुपारचे दोन वाजले होते.
मारामारी: शून्य.

१५ जून. वेरोना.
स्टेशनवरच्या कॉफीच्या मशीननं नाणं गिळलं. मी मशीनला लाथ घातली. मशीन म्हणजे माणूस नव्हे. हमाल म्हणाला, साहेब, सोडा ना, ते महिनाभर बंदच आहे, पाटी वाचा. मी त्याच्या कानफटात दिली. उघड्या हातानं. उघडा हात धरत नाहीत. हमालानं मोजलं वगैरे काही नाही, सरळ डोकं मारलं माझ्या तोंडावर. दोन दात हलतायत, शर्ट रक्तानं भिजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्यासाठी.

आज मला मार बसला. मार खाणारा मारामारी करत नसतो, तो बळी असतो. रोझविताला हे सांगायला हवं.
मारामारी: शून्य.

१७ जून. साल्झबुर्ग.
केस कापले. पांढरा शर्ट घेतला. तिला निळा आवडतो हे पैसे दिल्यावर आठवलं.

तिच्याशिवाय घरात करमत नाही, लिहून टाकतो. सकाळी स्वयंपाकघरात तिचं गुणगुणणं ऐकू यायचं. मी आलो की थांबायचं. माझ्यासाठी थांबते, असं मला वाटायचं. ती यायलाच हवी. नाही आली तर मी काय करीन, माहीत नाही.

टिलो म्हणाला, एकहार्ट, उद्या तू स्वतःच सगळं सांगून टाक तिला. कदाचित ऐकेल. म्हटलं, सांगण्यासारखं आहे काय?

उद्यासाठी चक्क रिझर्व्हेशन केलं. जागा ६१ आणि ६२.

१८ जून, दुपारी १२.३०. गाडीत.
एकसष्टवर माणूस! जाडजूड, ऑस्ट्रियन, मांडीवर हॅमचा पाव. मी तिकीट दाखवलं. एकसष्ट. तो म्हणाला, हो, पण अहो, हा डबा तर... मी त्याला थांबवलं. एकसष्ट म्हणजे एकसष्ट. तो परत म्हणाला, ऐका तर, तुम्हाला लुब्लियानाला... मी म्हटलं, कुठे जायचंय ते मला माहीत आहे, तुम्ही उठा.

टिलो बाही ओढायला लागला. अरे, आपला डबा २५७, हा २५२ आहे, चल मागे. माझं कोपर मागे गेलं. टिलोच्या नाकातून भळाभळा रक्त.  त्यानं आपली बॅग उचलली आणि मागे निघून गेला. भेकड.

तिसऱ्यांदा त्या जाड्यानं तोंड उघडलं तेव्हा मी मुठीनं बंद केलं. तीनदा. एक दात पावात पडला. बायका ओरडत होत्या, वर स्पीकरवर कुणीतरी कसलीशी सूचना देत होतं, काही ऐकू येईना. कंडक्टर आला, त्यालाही ढकललं. तो म्हणाला, शेवटच्या स्टेशनवर भेटू.

बसलोय. एकसष्टवर. माझी जागा मला मिळाली.

दुपारी २.५०. फिलाख.
गाडी बराच वेळ थांबलीय. मागे काहीतरी धक्के बसतायत. पाव साफ करून खाल्ला. मुठीवरचं रक्त धुतलं, शर्टाला दोन थेंब, टायखाली झाकले जातील. रोझविताला काय म्हणायचं ते ठरलं: बघ, मी आलो.
मारामारी: शून्य.

संध्याकाळी ५.१५. क्लागेनफुर्ट. पोलीस चौकी.
गाडी फिलाखला तोडतात. मागचे डबे लुब्लियानाला जातात, पुढचे इकडे. जाड्या तीन वेळा हेच सांगायला तोंड उघडत होता. तो समोरच्या बाकावर बसलाय, तोंडात कापूस धरून. इथलाच आहे. त्याची जागा खरंच एकसष्ट होती. २५२ मधली.

आत्ता रोझविताचा फोन आला. मी लगेच म्हटलं, गाडी तोडली गं, माझा काही दोष नाही. ती म्हणाली, मी प्लॅटफॉर्मवर उभी होते. टिलो उतरला. नाक केवढं सुजलंय, ओठ फुटलाय. विचारलं, काय झालं रे? म्हणाला, पडलो.

 मग म्हणाली, एकहार्ट, सव्वीस वर्षं मी हेच सांगत आलेय. शेजारणीला, डॉक्टरला, आईला. पडले म्हणून. आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि कळलं, कुणालाच कधी खरं वाटलं नसणार. तू येऊ नकोस.

मी म्हटलं, अगं, तुझी बोटं दारात सापडली होती.
हो, म्हणाली. फोन ठेवला.

पोलीस फॉर्म भरतोय. विचारतो, याआधी कुणाला मारलंय? नाही म्हणायला तोंड उघडलं. जाड्या बघत होता माझ्याकडे. मी मिटलं.

दार मी लावलं होतं. तिचा हात तिथे आहे हे बघून.