मावशीचं फिटिंग

ता. ९ मार्च

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

बाळ आज बारा दिवसांचं झालं. पत्र कधीच लिहायला हवं होतं, पण धीर होत नव्हता. पाजायला घेतलं की दोन घोट ओढतं, सोडतं आणि टाहो फोडतं. बोंडांना चिरा पडल्यात, त्यानं तोंड लावलं की मला ब्रह्मांड आठवतं. उजवीकडे लिंबाएवढी गाठ आलीय आणि कालपासून अंगात कसकस आहे.

काल राहवलं नाही. वाटी-चमच्यानं वरचं दूध पाजलं आणि दूध पावडरीचा डबा पिठाच्या डब्यामागं लपवला. सासूबाईंना दिसला असणार. त्यांनी पीठ काढून सगळं होतं तसंच मागं सारलं, तेच जास्त लागलं. बाळ गाढ झोपलं आणि मी रडत बसले. पोटच्या पोराला पोटभर देता येईना, मग मी कसली आई?

तू शिवून पाठवलेले पुढच्या बटणांचे दोन्ही ब्लाउज आलटूनपालटून दिवसरात्र घालते. अगदी अंगाबरोबर बसतात.

रागावलीस तरी लोभ आटवू नकोस.

तुझी खारूताई

ता. ११ मार्च

चि. खारूताईस, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि मशीनवरचा पाय थांबला. ‘अंगाबरोबर बसतात’ हे तू कौतुकानं लिहिलंस, पण मला ते सुईसारखं टोचलं. अगं, ते माप तुझ्या सातव्या महिन्यातलं! दूध उतरलं की अंग भरतं, हे चाळीस वर्षं कात्री चालवणाऱ्या बाईला कळू नये? खरं सांगते, कळलं होतं. तरी बाळंतपणात तुझं अंग सुटू नये म्हणून अर्धा इंच आत घेतला. हौस माझी, फास तुझ्या जिवाला.

आधी तो ब्लाउज काढ, मग पुढचं वाच. गाठ आहे आणि तापही आहे, तेव्हा आजच दवाखाना गाठ, अंगावर काढू नकोस. पाजणं थांबवू नकोस, उजवीकडचंही नाही. बाळाला धरायचं कसं ते तिथल्या नर्सबाईंना विचार. आणि वरच्या दुधाचं म्हणशील, तर भुकेल्या पोराला घोट देणं ही चोरी कधीपासून झाली? डबा ओट्यावर ठेव.

टपालाची वाट पाहवत नाही, म्हणून हे बसच्या कंडक्टरच्या हाती देतेय.

तुझ्यापुढं मान खाली घालून,
मावशी

ता. १८ मार्च

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं तशी उठून गेले. नर्सबाईंचा आवाज शिट्टीसारखा, पण हात लोण्यासारखा. त्यांनी आधी माझ्या अंगावरचा शिवणीचा लाल वळ पाहिला, बरोबर गाठीवरून गेलेला. डॉक्टरांनी औषध दिलं, ताप उतरला. बाळ नुसतं टोकच चोखत होतं म्हणे. त्याचं पोट माझ्या पोटाला लावायचं, हनुवटी टेकवायची आणि त्यानं मोठा आ केला की मगच जवळ ओढायचं. तिसऱ्या दिवशी पठ्ठ्या असा घटाघटा प्यायला, की ओठांतून दूध ओघळलं. गाठही विरली. सासूबाई हसून म्हणाल्या, त्यांनी पहिल्या खेपेला डबा माळ्यावर लपवला होता!

पण मावशी, एक सांगायचं राहिलंय. पहिल्या दिवसापासूनच ते ब्लाउज काचत होते. बटण लावताना श्वास धरावा लागायचा. लिहिलं तर तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. तुझं मन राखायला मी बाळाला बारा दिवस रडवलं. तू कशाला मान खाली घालतेस?

मनात काही ठेवू नकोस, मीही ठेवलं नाही.

तुझीच,
खारूताई

ता. २२ मार्च

चि. खारूताईस, अनेक आशीर्वाद. बाळाला पापा.

तुझं पत्र घेऊन मी तडक समोरच्या शिंप्याकडे गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याची पायरी चढले. माझी गिऱ्हाइकं तुझ्याकडे शिवण सैल करून घ्यायला येतात का, असं सरळ विचारलं. बिचारा चाचरत म्हणाला, कधीमधी येतात. मग तोंडातला दोरा काढून म्हणाला, दर आठवड्याला येतात. माझ्या तोंडावर ‘छान बसलं’ म्हणायचं आणि रस्ता ओलांडायचा! घट्ट म्हटलं की मी चार दिवस तोंड फुगवते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. फक्त मला नव्हतं. माझ्या रुसव्याची एवढी धास्ती, की तूही श्वास धरून बसलीस. अर्ध्या इंचापेक्षा हे मला जास्त खुपतंय.

सोबत मऊ सुती कापड पाठवतेय, न कापलेलं. माझा हात शिवशिवला, पण कात्री लावली नाही. तुझ्या तिथल्या कुणाकडूनही शिवून घे, हवं तेवढं सैल. आणि त्यानं माझ्यापेक्षा चांगलं शिवलं, तर मला तसं स्पष्ट लिही.

वाट पाहतेय,
मावशी