काकांच्या गटारातला विषाणू कोणाचा?

त्बिलिसी, रविवार दुपार

तीर्थरूप दोम्नाआत्यास,
नुत्साचा वाकून नमस्कार आणि दोन्ही गालांचे पापे.

तुझी कंबर कशी आहे? बातुमीची दमट हवा तिला मानवत नाही हे तू कबूल करत नाहीस, म्हणून दर पत्रात विचारावं लागतं. खालच्या मजल्यावरच्या बाईने मांजर आवरली का? माझी काळजी करू नकोस. मी वेळेवर जेवते, ओल्या केसांनी बाहेर पडत नाही, आणि दोन खिडक्यांच्या मधल्या वाऱ्यात बसत नाही (संस्थेत बसावं लागतं, पण ते आईला सांगू नकोस). आईने माझं पदवीचं प्रमाणपत्र अजून संत गिओर्गींच्या तसबिरीशेजारीच टांगलेलं आहे. मेणबत्ती दोघांत मिळून एक. घरातली पहिली पदवीधर झाल्याचा एक तोटा कोणी आधी सांगितला नव्हता. गावी गेले की लोक भेटायला येतात, काय शिकलीस म्हणून आदराने विचारतात, मी विषाणूंबद्दल मनापासून सांगते, ते गंभीरपणे मान डोलावतात आणि मग विजार वर सरकवून गुडघा दाखवतात.

आता मुद्द्यावर येते. तुझा धाकटा भाऊ एर्मिले, म्हणजे आमचे काका, तुला फोनवर एक सांगतील आणि शेजारचे वालिको दुसरंच सांगतील, म्हणून खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक.

आमच्या संस्थेत जे विषाणू शोधतात ते माणसाच्या वाटेला जात नाहीत. ते फक्त जंतूंना खातात, आणि एकेक विषाणू खाण्याच्या बाबतीत आपल्या काकूंसारखा असतो: ठरावीक एकच जंतू खाईल, दुसऱ्याला तोंड लावणार नाही. जिथे जंतू भरपूर तिथे हे भरपूर, म्हणजे नदीत, इस्पितळाच्या मोरीत, गोठ्यामागे. त्यामुळे सुट्टीहून परतताना बाकीची माणसं गावचा मध आणि आक्रोडाची मिठाई आणतात, आम्ही गटाराचं पाणी आणतो. ईस्टरला मीही काकांच्या घरामागच्या गटारातली एक बाटली भरून आणली. (बसमध्ये शेजारच्या बाईंनी घरची वाइन का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं तर त्यांना वाटलं मी कंजूष आहे.)

याच सुमारास माझ्या घरमालकीणबाई, लामाराबाई, पायाने बेजार झाल्या होत्या. त्या कोपऱ्यावरच्या भट्टीत पाव भाजतात. जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी भट्टी, अर्ध्या आत वाकून भिंतीला पीठ थापायचं. हिवाळ्यात पाय भाजला, जखम चिघळली, गोळ्या-इंजेक्शनांना दाद देईना, आणि शेवटी डॉक्टर घोट्यापासून पाय काढायची भाषा बोलू लागले. लामाराबाई म्हणाल्या, "एका पायावर उभी राहून वाकले तर जाईन आत. आणि गिऱ्हाइकं म्हणतील, आजचा पाव जरा जास्तच खमंग आहे." असं म्हणून त्या हसल्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून बसल्या.

मी त्यांच्या जखमेतले जंतू काचेच्या बशीत वाढवले. बशीवर सायीसारखा थर आला. त्यावर काकांच्या गटाराच्या पाण्याचा, गाळून घेतलेला, एक थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी पाहते तर सायीला चाळणीसारखी भोकं! आत्या, तो विषाणू त्या जंतूंचा फडशा पाडत होता. आमच्या संचालिका एतेरीबाईंनी तपासण्या केल्या, डॉक्टरांची संमती घेतली, जखमेवर त्याचे थेंब सोडायला सुरुवात झाली आणि जखम कडेने भरू लागली. मी आनंदाच्या भरात काकांना फोन करून सांगितलं की तुमच्या गटारात औषध आहे. इथे माझं चुकलं. संध्याकाळपर्यंत काकांनी गटाराला तारेचं कुंपण घालून फाटकाला कुलूप लावलं होतं.

मग वालिको उठले. गटार सुरू होतं त्यांच्या डुकरांच्या खुराड्यापासून, हे तुला माहीत आहे. त्यांचं म्हणणं, डुकरं माझी, त्यांनी केलं ते माझं, उतारावरून तुझ्याकडे आलं म्हणून तुझं होत नाही. काका कुंपणावरून ओरडले, "मग इतकी वर्षं वास कोणाचा होता रे? तेव्हा कधी म्हणाला नाहीस, माझाय, परत दे!" बोलणं बंद झालं. काकूंनी मका दळायला दुसऱ्या गिरणीत न्यायला सुरुवात केली, कारण जवळची गिरणी वालिकोंच्या मेहुण्याची.

मला वाटलं, ज्ञानाने हे मिटेल. मी एतेरीबाईंना विचारलं की कायद्याने विषाणू कोणाचा. त्या म्हणाल्या, सापडलेली वस्तू वेगळी आणि घडवलेली वेगळी. निसर्गात जसा आहे तसा विषाणू, किंवा त्याच्यातला जनुकांचा मजकूर, आपण फक्त वाचला, लिहिला नाही. त्यावर पेटंट मागणं बहुतेक ठिकाणी टिकत नाही. पण त्यात काही बदल केला, चार विषाणूंचं खास मिश्रण केलं, ते वापरण्याची नवी रीत काढली, तर त्या कामावर मिळू शकतं. कुठे नुसता वेगळा काढून शुद्ध केला तरी चालतं, कुठे नाही. देशागणिक कायदा वेगळा. मला हे इतकं सुंदर वाटलं की मी रात्री जेवताना लामाराबाईंना सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "पोरी, तुझी इडापिडा मला लागो, ज्याचा असेल त्याचा असो, माझ्या पायात राहू दे."

पण तो राहिना. जखम अर्धी भरली आणि थांबली. जंतू शहाणे झाले होते, आपला विषाणू आता त्यांना पुरा पडत नव्हता. अशा वेळी पुन्हा त्याच जागी जायचं असतं, कारण तिथे त्याची भावंडं असतात आणि त्यांतलं एखादं नव्या जंतूंना पुरून उरतं. म्हणजे काकांचं गटार.

नेमके तेव्हाच, आपल्या विषाणूचं औषध करून विकू पाहणाऱ्या एका परदेशी कंपनीचे वकीलसाहेब करारासाठी संस्थेत आले होते. त्यांच्या कागदात आपला विषाणू 'आमचा शोध' म्हणून लिहिलेला होता, आणि मला इतका राग आला की मी त्यांना कॉफीत साखर दिली नाही. त्यांना जागा बघायची होती. एतेरीबाईंनी काकांना फोन केला की संस्थेची माणसं आणि एक परदेशी पाहुणे गटार बघायला येत आहेत. आत्या, इथे तुझ्यासारख्या हुशार बाईला पुढचं कळलं असेल. मला कळलं नाही. मी पदवीधर आहे.

पोचल्यावर अर्थातच आधी जेवण. काका स्वतः तमादा होऊन टेबलाच्या टोकाशी बसले, आणि तमादाने पेला उचलून भाषण केल्याशिवाय ना प्यायचं ना वाद घालायचा, त्यामुळे पेटंटचा सगळा वाद पेले उचलूनच झाला. काका पूर्वजांसाठी प्यायले, ज्यांनी ते गटार खणलं. वालिको (हो, तेही होते, काकांच्या उजव्या हाताला!) मुक्या प्राण्यांसाठी प्यायले, ज्यांच्या कष्टांची जगात दखल घेतली जात नाही. मी उभी राहून म्हटलं की जे निसर्गाने कोणालाही न विचारता केलं त्यावर कोणाचंही नाव घालता येत नाही, ते लामाराबाईंचं जितकं तितकंच आपल्या सगळ्यांचं. सगळे रडले, सगळ्यांनी पेले रिकामे केले, काका आणि वालिकोंनी एकमेकांना मिठी मारली, आणि मत कोणाचंच बदललं नाही. शेवटी वकीलसाहेब उठले आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले की न्यायाने पाहिलं तर हक्क डुकरांचाच. सकाळी त्यांना हे आठवत नव्हतं.

सकाळी काकांनी कुलूप उघडलं, आणि आत्या, मी गटार ओळखलंच नाही. पाहुण्याला घाण कशी दाखवायची? म्हणून एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या त्या दोघांनी सलग दोन दिवस खांद्याला खांदा लावून गटार उपसलं होतं, खरवडलं होतं, चुन्याने पांढरं शुभ्र केलं होतं, वरच्या झऱ्याचं पाणी त्यात वळवलं होतं आणि दोन्ही काठांवर झेंडू लावले होते. डुकरांची रवानगी डोंगरावर, वालिकोंच्या मेहुण्याकडे. काका म्हणाले, "आता पाणी प्यायलात तरी चालेल!" वकीलसाहेब खरंच प्यायले आणि फार छान आहे म्हणाले. एतेरीबाईंनी तोंडावर रुमाल धरला. मी बाटली भरून आणली. बशीवर एकही भोक पडलं नाही.

पाहुणे गेले तसं भांडण परत सुरू झालं. काका म्हणतात, अख्ख्या जिल्ह्यात असं गटार नाही, आता डुकरं येऊ देणार नाही. वालिको म्हणतात, विषाणू माझा हे लिहून मिळाल्याशिवाय डुकरं डोंगर उतरणार नाहीत. आणि इथे डॉक्टर पुन्हा घोट्याकडे बघू लागले आहेत.

असो. ज्ञान सगळ्यांचं असतं यावर माझा विश्वास कायम आहे. कंबरेला गरम विटेचा शेक घे.

तुझी,
नुत्सा

ता. क. विषाणू शोधणाऱ्याने त्याला नाव द्यायची आमच्यात पद्धत आहे. मी 'नुत्सा-१' दिलं. याला मालकी म्हणत नाहीत. आमच्यातल्या एकीला नदीत तसाच एक सापडलाय म्हणे. तिचा तसा नाही. मी तिच्याशी बोलत नाही.

ता. क. दुसरा. आत्या, एर्मिलेकाका जगात फक्त तुला घाबरतात. पत्र मिळताच पहिल्या गाडीने गावी जा. डुकरं खुराड्यात, झरा मूळ वाटेला, चुना खरवडून टाकायचा. झेंडू राहिले तरी चालतील. आणि गटार वाईट दिसतं असं कोणी म्हणालं तर तुझा तो आवाज काढ. एतेरीबाई म्हणतात, डुकरं आली आणि घाण मुरली की बाटली भरता येईल.

ता. क. तिसरा. सोबत दोन दाखले पाठवते आहे, माझ्या सहीचे, लाल शाईत. एकात लिहिलंय की हा विषाणू एर्मिले यांच्या एकट्याच्या मालकीचा आहे, दुसऱ्यात वालिको यांच्या एकट्याच्या. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बोलावून दे आणि दुसऱ्याला दाखवू नका म्हणून शपथ घाल. मला यात काही गैर वाटत नाही, मी खूप विचार केला. जे कायद्याने कोणाचंच होऊ शकत नाही, ते मी कितीही जणांना देऊ शकते. तुला हवा असेल तर तुझ्यासाठीही एक करते. फक्त डुकरं आधी उतरव.